हिराआत्याची वकिलात

उभी हयात दूतावासांत गेली असं कळलं की लोक पहिल्यांदा विचारतात, पार्ट्यांना काय काय असायचं? मी सांगते, पाय दुखायचे. माझी नोकरी मोटारीवर झेंडा लावून फिरणाऱ्यांतली नव्हती. दिल्लीची परीक्षा देऊन परराष्ट्र खात्यात सहायक म्हणून लागले आणि सरकत सरकत परदेशातल्या दूतावासांच्या कॉन्सुलर विभागात पोचले. हा विभाग म्हणजे दूतावासाचं स्वयंपाकघर. पाहुणे पुढच्या दिवाणखान्यात बसतात, घाम इथे गळतो. पासपोर्ट हरवलेले, मालकाने डांबून ठेवलेल्या मोलकरणी, तुरुंगात पडलेले खलाशी, आणि मेलेले. परदेशात मेलेल्या माणसाला त्याच्या गावी पाठवायचं काम मी इतक्या वेळा केलं की शवपेटीवर लाखेची मोहर लावताना माझा हात कधी थरथरला नाही. नवे सहकारी म्हणायचे, बाई दगडाची आहे. दगडाची नव्हते हो. माझं थरथरणं तरुणपणीच, एका दिवसात, आत्याच्या घरात उरकून झालं होतं. त्या घराबद्दल आता लिहायला हरकत नाही, कारण जिच्यासाठी आजवर लिहिलं नाही ती राहिली नाही.

आमचं गाव खाडीच्या दक्षिणेला, आत्याचं उत्तरेला. गावांची नावं लिहीत नाही. दोन्हीकडची नातवंडं आज एकमेकांच्या हळदीला नाचतात, त्यांना कशाला आजोबांचं रक्त दाखवा. मी बी.ए. होऊन घरी बसले होते आणि बोईसरला एका निवृत्त बाबूंचा स्पर्धा परीक्षांचा वर्ग चालायचा. सर दोन-तीन देशांतल्या दूतावासांत टंकलेखक म्हणून राहून आले होते आणि परराष्ट्र खात्याचं वेड मला त्यांनीच लावलं. आमच्या गावाहून बोईसरला जायचं तर अख्ख्या खाडीला वळसा पडायचा, आत्याच्या गावातून मात्र टमटम थेट नाक्यावर सोडायची. म्हणून मी माझं गाठोडं घेऊन आत्याकडे राहायला गेले. सर म्हणायचे, दूत म्हणजे पोस्टमन नव्हे, पण ज्याला पोस्टमनचं काम जमत नाही त्याने दूत होऊ नये. समोरचा काय म्हणाला, आपण काय म्हणालो आणि आपल्याला काय वाटलं, हे तीन वेगळे परिच्छेद, आणि तिसऱ्यातलं पहिल्यात सांडू द्यायचं नाही. कारखान्यांच्या वासाने आमचे डोळे चुरचुरत असायचे आणि सर आम्हाला जगाच्या राजधान्या पाठ करायला लावायचे.

हिराआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. मोठ्या हाडाची, मोठ्या आवाजाची. बाजारात टोपली उतरवली की शेजारणी आपले भाव आपोआप खाली आणायच्या. तिच्या नवऱ्याला आम्ही मामा म्हणायचो. तो जितकी ती बोलायची तितका गप्प. घरातला तिसरा माणूस म्हणजे मामाचा धाकटा भाऊ भानू, आत्याचा दीर. आत्या लग्न होऊन आली तेव्हा भानू रांगत होता, आणि सासू वर्षभरात गेली, तेव्हा तो आत्याच्याच कडेवर वाढला. तिला वहिनी म्हणायचा आणि पोटच्या पोरासारखा छळायचा. बोंबलाच्या आंबटात त्याला कैरीच लागायची, चिंच घातली की ताटाकडे बघून उसासे टाकायचा. आत्या त्याला शिव्या घालत उठायची आणि कैरी चिरायची. पहाटे होड्यांच्या इंजिनांची धडधड, मग कावळ्यांची आणि आत्याची वाळत घातलेल्या बोंबलांवरून चाललेली हुज्जत, दुपारी तांदळाच्या भाकऱ्यांची थापथाप. पश्चिमेचा वारा असला की घराला सुक्या मासळीचा वास, पूर्वेचा असला की तारापूरच्या कारखान्यांचा. मला त्या घरात जितकं सुख लागलं तितकं पुढे सरकारने दिलेल्या एकाही बंगलीत लागलं नाही.

आमच्या दोन गावांत पिढ्यान्‌पिढ्या दोनच व्यवहार चालत, लेकी देणं-घेणं आणि मारामाऱ्या. त्यातून एक रीत पडली होती. पलीकडे दिलेल्या लेकीचं घर म्हणजे तिच्या माहेरच्या माणसाला अभय. भांडणात सापडलेला कोणी तिच्या उंबऱ्याच्या आत आला आणि तिच्या हातचं पाणी प्यायला, की तो तिचा भाऊ झाला. त्याच्यासाठी घरात घुसायचं नाही, त्याला ओढून काढायचं नाही. बाहेर गाठ पडली तर मात्र त्याचं नशीब. लेकीने एकच पाळायचं, खोटं बोलायचं नाही. तिच्याकडून आलेला निरोप दोन्ही गावं डोळे मिटून खरा मानत. पुढे दिल्लीत प्रशिक्षणाला आम्हाला शिकवलं की राजदूताने परवानगी दिल्याशिवाय यजमान देशाचा पोलीस दूतावासाच्या आवारात पाऊल टाकू शकत नाही, आग लागली तरी बंब फाटकाशी थांबून विचारतो. बाकीचे भराभर लिहून घेत होते आणि मला हे सगळं ऐकल्यासारखं वाटत होतं. फरक इतकाच, की राजदूत आपल्या देशाच्या झेंड्याखाली झोपतो आणि तीन-चार वर्षांनी सामान बांधून निघून जातो. आत्याला ज्यांच्यासमोर दार अडवायचं, त्यांच्यातच मरेपर्यंत नांदायचं होतं.

त्या सकाळी भांडण पेटलं ते मासेमारीच्या जागेवरून. डोल जाळी समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात. खुंटांच्या रांगेला कव म्हणतात, आणि कोणाची कव कुठे संपते यावरून आमच्याकडे भाऊ भावाला ओळखत नाही. आमच्या गावाने रांग उत्तरेला सरकवली, असं उत्तरेचं म्हणणं. पूर्वीपासून तिथेच होती, असं आमचं. त्या दिवशी उत्तरेच्या होड्या कोयते घेऊन आमच्या गावच्या जाळ्यांचे दोर कापायला गेल्या, आणि आमच्या गावच्या होड्या तिथे वाटच बघत होत्या. किनाऱ्यावरून आम्हाला फक्त एकमेकींत घुसलेल्या होड्या दिसत होत्या आणि ओरडा वाऱ्यावर तुटक तुटक येत होता. नंतर कळलं ते असं. भानू होडीच्या कडेवरून वाकून दोर कापत होता. आमच्या गावच्या एका तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा, मुलगा दिगू याने वल्हं उचलून त्याच्या डोक्यात घातलं. भानू होडीत आडवा झाला, तरी याने परत घातलं. मग कोणाची तरी होडी येऊन धडकली, दिगू पाण्यात फेकला गेला, आणि भरतीने त्याला खाडीत ओढून नेमक्या उत्तरेच्या काठाला आणून टाकलं.

दिगूला मी लहानपणापासून ओळखत होते आणि तो मला कधी आवडला नव्हता. गावातल्या मुलींना नावं ठेवणारा, फुकाची बढाई मारणारा. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे त्याच्यासाठी जे झालं ते त्याच्या गुणांमुळे झालं असं कोणाला वाटायला नको.

भानूला किनाऱ्यावर आणलं तेव्हा त्याच्या कानावरचं हाड आत गेलं होतं आणि एक डोळा उघडाच होता. आत्या वाळूत बसून त्याचं तोंड पुसत होती, पण रक्त थांबतच नव्हतं. मामाने त्याचं डोकं मांडीवर घेऊन टेम्पोत जागा केली. आत्या चढायला गेली तर म्हणाला, "तू घर बघ." टेम्पो बोईसरच्या दिशेने गेला. आम्ही घरी आलो, आत्या मागल्या दारी तांब्याने हातावर पाणी ओतून घेत होती, दगडावर लाल पाणी वाहत होतं, आणि शेराच्या कुंपणातून दिगू आत आला. उघडा, अंगभर खरचटलेला, दात वाजत होते. त्याने आत्याकडे बघितलं, खालच्या लाल पाण्याकडे बघितलं, आणि तरीही उंबरा ओलांडून आत जाऊन बसला.

"आक्का, पानी दे."

"आत्या, नको," मी म्हणाले. मला आठवतं, मी हात जोडले होते. आत्या किती तरी वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिचा जबडा हलत होता. मग तिने त्याच तांब्यात उरलेलं पाणी त्याच्या पुढे धरलं. तो घटाघटा प्यायला, आणि तिने तांब्या उचलून अंगणात भिरकावून दिला.

घटकाभरात गाव दारात जमलं. आमच्या गावची एक होडी त्यांच्या हाती लागली होती. ती दोरांनी ओढत आणून आमच्या अंगणात कुऱ्हाडींनी फोडली, आतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून. प्रत्येक घावाला दिगू आत दचकत होता आणि त्याच्या चड्डीतून पाणी गळत होतं. कौलांवर दगड पडत होते. भानूच्या दोस्तांपैकी एक पोरगा उंबऱ्याशी येऊन उभा राहिला, हातात कोयता, डोळ्यांतून पाणी. आत्या दाराच्या चौकटीत दोन्ही हात लावून उभी होती. "घाल," ती त्याला म्हणाली, "आदी माज्यावर घाल, मंग आत जा." पोरगा मागे फिरला आणि अंगणातल्या तुळशीचं वृंदावन लाथेने पाडून गेला.

गावचा सगळ्यांत वडील तांडेल म्हणजे नथूबाबा. शेवटी तो पुढे झाला. पोलिसांची जीप येऊ नये म्हणून गावाने रस्त्यावर ओंडके टाकले होते, त्यामुळे दोन हवालदार खाडीपलीकडे, आमच्या गावच्या धक्क्यावर बसून होते. नथूबाबा म्हणाला, "हिरे, आमी तुजं दार मोडनार नाय. भानू जिता हाय तवर हा पोलिसांचा. ओहोटी लागली की खाडीतनं चालवत ने, कोन हात लावनार नाय. पन भानू गेला तर हा आमचा. मंग तुजं पानी बी आमी मानायचो नाय."

"मानलं," आत्या म्हणाली.

"बोईसरला कोन जाईल?"

"जयू जाईल. जे हाय तेच सांगेल ती."

अशी मी आयुष्यात पहिल्यांदा दूत झाले. निरोप नेणाऱ्याला हात लावायचा नाही ही पण रीतच, तरी गर्दीतून जाताना एका बाईने माझ्या तोंडावर थुंकलं आणि मागून कोणीतरी वेणी धरून असा हिसडा दिला की मान आठवडाभर वळत नव्हती. ओंडके ओलांडून मी टमटम पकडली. शेजारी बसलेले कारखान्याचे कामगार माझ्या कपड्यांवरचं रक्त बघून सरकून बसले. एकाने विचारलं, "कंपनी में हुआ क्या?" मी नाही म्हणाले. पुढे अनेक देशांत मी असेच निरोप घेऊन गेले. चांगलं टपाल कोणी माणसाच्या हातून पाठवत नाही, हे मला त्या टमटममध्येच कळलं.

दवाखान्याच्या वऱ्हांड्यात मामा भिंतीवर कपाळ आपटत होता. हळूहळू, कामाला लागल्यासारखा. चुना लाल झाला होता. वॉर्डबॉय त्याला मागे ओढत होता आणि मला बघून म्हणाला, "आप घर की हो? वो नहीं रहा, बहनजी. अभी गया." मी आत जाऊन भानूला बघितलं. कोणीतरी तो उघडा डोळा मिटवला होता. पोलिसांचा पंचनामा, मग पालघरला शवचिकित्सा, तेव्हा तो गावात दुसऱ्या दिवशीच येणार होता. मामाने माझे खांदे धरले. त्याच्या कपाळातलं रक्त नाकावरून ओठात जात होतं आणि तो ते गिळत बोलत होता. "जा. घरी जा. आदी हिरीला सांग. गावाला मागनं. तिनं वाडवलाय त्याला, तिला आदी कळाया पायजे."

मी परत आले तेव्हा गर्दी तशीच होती. कोणी काही विचारायच्या आत मी म्हणाले, मामांचा निरोप आहे, आधी आत्याला. नथूबाबाने मान हलवली आणि वाट करून दिली. दूतावासातही हेच. बातमी आधी प्रमुखाच्या खोलीत जाते, बाहेर जिन्यावर कितीही माणसं ताटकळोत. मी दार लोटून आत्याच्या कानात सांगितलं. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि जमिनीवर बसली. तिच्या घशातून जो आवाज येत होता तो बाहेर जाऊ नये म्हणून ती स्वतःच्याच मनगटाला चावत होती. तिथे रक्त आलं. कोपऱ्यात दिगू गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मला वाटलं, याच्या केसांना धरावं आणि दाराबाहेर फेकून द्यावं. अजूनही कधी कधी वाटतं.

आत्याने पदर तोंडातून काढला. "कोनाला बोललीस?"

"कोणालाच नाही."

ती उठली. सकाळपासून चूल थंड होती. तिने राख ओढली, गोवऱ्या रचल्या, घासलेट ओतलं आणि काडी ओढली. मला काही कळेना. मग ओलसर लाकडं भरली तशी माझ्या लक्षात आलं. घरात माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही, शेंबड्या पोराला ठाऊक असतं. शेजारचं घर डाळ-भात आणून देतं आणि ते गळ्याखाली उतरतं तेवढंच खायचं. ज्या बाईने भानूला भरवून वाढवलं ती त्याच्या मरणाच्या दिवशी चूल पेटवेल, असं त्या गावात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तिने भात टाकला. कैरी चिरली, बोंबील टाकले. धूर कौलांतून वर गेला आणि बाहेरचा गलका हळूहळू खाली बसत गेल्याचं आम्हाला आतून ऐकू आलं. कोणीतरी म्हणालं, "वाचला, वाचला भानू." एक बाई मोठ्याने रडायला लागली, सुटकेचं रडणं.

आत्याने दिगूपुढे ताट ठेवलं. "भान्या बरा हाय ना, आक्का?" त्याने विचारलं. "खा," ती म्हणाली. तो खाऊ लागला. भात छातीवर सांडत होता. ती त्याच्या समोर बसून एकेक घास बघत होती.

ओहोटी लागली तेव्हा ती त्याचं मनगट धरून पुढच्या दाराने बाहेर पडली. मी मागे. नथूबाबा समोरच्या ओट्यावर बसला होता. त्याने कौलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय गं पोरी, कसा हाय भानू?"

माझं तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही सांगता येत नाही. आत्या माझ्या आधी बोलली, "चूल दिसत नाय का, बाबा?" नथूबाबाने हात वर केला आणि गर्दी फाकली. पण भानूचे दोस्त मानले नाहीत. एकाने काठी घातली ती दिगूच्या खांद्यावर, दुसरी आत्याच्या पाठीत बसली, दगड येत राहिले. एक दगड तिच्या भुवईवर लागून डोळ्यात रक्त उतरलं. तिने ते पुसलं नाही, कारण एक हात त्याच्या मनगटावर होता आणि दुसरा तिने त्याच्या डोक्यावर धरला होता. कमरेएवढ्या पाण्यातून तिने त्याला खाडीच्या मध्यापर्यंत नेलं. हवालदार पलीकडून पाण्यात उतरले. तिने मनगट सोडलं आणि मागे वळली. दिगू काहीतरी म्हणत होता, तिने वळून बघितलं नाही.

घरी येऊन तिने हंडा उचलला आणि पेटत्या चुलीवर पालथा केला. राखेचा लोट घरभर झाला. मग ती दाराबाहेर येऊन, अंगणात, सगळ्या गावासमोर, हंबरडा फोडून बसली.

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग कळलं.

पुढचं मी थोडक्यात लिहिते. बायकांनी तिला केसांनी ओढत बोंबलांच्या मांडवापर्यंत नेलं. माझ्या डाव्या कोपरावर कोणी पहार मारली ते मी बघितलं नाही, हात नुसता खाली लोंबायला लागला. तो अजून सरळ होत नाही, आणि नोकरीत वैद्यकीय तपासणीला दर वेळी मी 'होडीत पडले' असं सांगत आले. मांडव पेटवला, कौलं फोडली, आत्याची दोन बोटं जात्याखाली घातली. नथूबाबा आडवा पडला नसता तर तिला मारूनच टाकलं असतं. तो म्हणत होता, "सोडा. तिला भानूचा बाप बगंल." भानूचा बाप म्हणजे मामाच. त्यानेच तर वाढवला होता, आत्याबरोबर.

माझ्या सरांना हे मी पुढे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, तिने शब्दाने खोटं सांगितलं नाही. मी म्हणाले, सर, खोटंच होतं. शब्द न वापरता खोटं कसं सांगतात हे मी नंतर नोकरीत पुष्कळ पाहिलं, सुंदर कागदावर, आदरपूर्वक. एका देशात जमाव आमच्या दूतावासाच्या फाटकावर आला होता तेव्हा आम्ही गच्चीवर कागद जाळत होतो आणि राजदूत दिल्लीच्या उत्तराची वाट बघत होते. आत एक माणूस जीव मुठीत धरून बसला होता. उत्तर यायला वेळ लागला, तोवर साहेबांनी चार सिगरेटी ओढल्या. मला त्यांचा राग आला नाही, त्यांचं काम तेच होतं. पण आत्याला विचारायला दिल्ली नव्हती. एका बाजूला मेलेला मुलगा आणि एका बाजूला तो मेंगळट पोरगा, आणि मध्ये तिने दिलेलं पाणी. तिने पाणी निवडलं आणि त्यासाठी आपला शब्द मोडला. चूक की बरोबर हे मला ठरवता आलेलं नाही, आणि ठरवणाऱ्यांचा मला संताप येतो.

दुसऱ्या दिवशी मामा भानूला घेऊन आला. सगळ्यांना वाटलं, तो तिला तोडेल. तो चुलीपाशी गेला, ओल्या राखेत हात घालून बघितलं, कैरीची साल उचलून बघितली. तेरावं झाल्यावर त्याने मागल्या दारी तीन दगड मांडले आणि स्वतःचा भात स्वतः शिजवायला लागला. माझे वडील होडी घेऊन तिला न्यायला आले, माझा हात तेव्हा गळ्यात बांधलेला होता. आत्या म्हणाली, "मी आली तर लोक म्हनतील, माहेरचीच होती. मी भानूची पन हाय. पोरीला ने." मी गेले. त्या वर्षी परीक्षा दिली आणि पास झाले. त्या दोन गावांत त्यानंतर कोणीही कुठल्या लेकीच्या घरात आसरा घेतला नाही. कोणी दिलाही नसता.

दिगूने शिक्षा भोगली, परत आला, लग्न केलं, त्याची मुलं बोईसरच्या कारखान्यांत लागली. आत्या होती तोवर खाडी मात्र त्याने ओलांडली नाही. मामाने उरलेली सगळी वर्षं तिच्या शेजारी, तिच्याच घरात, तीन दगडांवर स्वयंपाक करून काढली. मी रजेवर यायची तेव्हा दोघं दोन ताटं घेऊन एकाच ओट्यावर बसलेली असायची.

मागच्या वर्षी आत्या गेली. निवृत्तीनंतर मी पालघरला राहते, तिथून पोचले तेव्हा तिरडी बांधून झाली होती. माणसं उचलणार, तेवढ्यात ओहोटीच्या पाण्यातून दिगू आला. केस पांढरे, पोट सुटलेलं. भानूचे दोस्तही आता म्हातारेच, पण ते उठले आणि त्यांच्या हातांत काठ्या आल्या. मामा ओट्यावरून म्हणाला, "येऊ द्या. खांदा देऊ दे त्याला." दिगूने खांदा दिला. वाटभर रडत होता आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. चिता पेटली. माणसं मागे सरकली. तेव्हा मामाने, जेमतेम उभं राहता येणाऱ्या त्या म्हाताऱ्याने, हातातली टेकायची काठी उचलली आणि दिगूच्या कानावर घातली. हाड वाजलेलं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. दिगू वाळूत बसला. त्याने हात वर केला नाही. मामा दुसरी घालायला काठी उचलून उभा होता, मग त्याने ती आगीत टाकली.

"ती होती तवर हात बांदलेला होता माजा," तो म्हणाला. "जा आता. भरतीच्या आत जा."